जुने झाड नव्या घरी न्यावे काय?

अशी कल्पना करा, की वडिलांची बदली जळगावहून धुळ्याला झाली आहे, सामान ट्रकमध्ये चढते आहे आणि तुमचा जीव मात्र अंगणातल्या मेहरूणच्या बोरीत अडकला आहे. दहा वर्षांची बोर! "तीही खणून नेऊ," असे तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, नेऊ नका.

झाडासाठी पाणी शोषतात ती जाड मुळे नव्हेत, तर त्यांच्या टोकांकडची केसासारखी बारीक मुळे. आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. खोडाभोवती हातभर खणून झाड उचलले, की ती बहुतेक सारी जुन्या अंगणातच राहतात. त्यात बोरीचे सोटमूळ खोल जाते. म्हणून तर खान्देशच्या उन्हात ती तग धरते! ते तुटले की तिचे बळच गेले. शिवाय आपली काळी माती मे महिन्यात भेगाळलेली असते. मुळांभोवतीचा गड्डा उचलताच ढासळतो.

आधीपासून भोवती चर खणून, मुळे टप्प्याटप्प्याने छाटून, मोठी झाडे यंत्राने हलवतात हे खरे. पण महिन्याभरात पालवी फुटली म्हणजे झाड जगले असे समजू नये. ती खोडातल्या अन्नसाठ्यावरही फुटते. खरा हिशेब दोन-तीन वर्षांनी करावा.

मग बोर सोडून द्यायची? मुळीच नाही. तिचा डोळा न्या. संक्रांतीच्या बोरांच्या आठळ्या जपून ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडी, नव्या अंगणात झाड जिथे हवे तिथेच दोन-तीन पेरा. नुसत्या आठळीच्या झाडाला तशीच बोरे येतील याची खात्री नसते, कारण बीजात दुसऱ्या झाडाचाही वाटा असतो. पुढच्या पावसाळ्यात रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, की जळगावला जा. उन्हाळ्यात छाटलेल्या जुन्या बोरीला नवे फुटवे आलेले असतील. त्यातली एक डोळकाडी ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी एस.टी.ने धुळ्याला आणा आणि माहितगार माळ्याकडून डोळा भरून घ्या. मुळे नव्या मातीतली, फांद्या मात्र जुन्याच बोरीच्या! इंग्लंडमधील न्यूटनच्या घरच्या सफरचंदाची झाडे अशीच कलमांनी देशोदेशी गेली आहेत. मूळ झाड कोणी उपटून नेले नाही.

जिच्या काट्यांत तुमचा सदरा फाटला ती फांदी डोळ्यातून येत नाही, हे मला मान्य आहे. पण ती जळगावलाच असू द्या. तुमच्या जागी येणाऱ्या बिऱ्हाडातही मुले असतील. निघण्यापूर्वी त्यांना एवढे मात्र सांगून ठेवा, की एप्रिल-मेमध्ये बोरीची छाटणी करा. पुढच्या वर्षी आषाढात आम्ही डोळकाडी न्यायला येऊ.