आधी बोर्ड, मग प्रोसेसर!

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र ऐका.

हॉस्टेलवर कुणी 'घरचा प्रोसेसर बदलायचाय' म्हटलं की रात्री बारापर्यंत चर्चा! सगळ्यात नवा घे, जास्त कोअरवाला घे. पैसे कुठून येणार, हे कुणीच विचारत नाही. माझे बाबा मालवणला मासेमारी करतात. जून-जुलैत बंदी, होडी किनाऱ्यावर. २०२५ च्या दिवाळीत मी नव्या पीसीची लांबलचक यादी पुढे ठेवली, तर म्हणाले, "आसा तो चलता मां? मगे नवो कित्याक व्हयो?"

खरं तर हा प्रश्न इंजिनीअरने विचारायला हवा होता.

आमचा पीसी २०१७ चा, रायझन ३ १२०० वाला. फार रखडायचा. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर निवांत! म्हणजे दोष हार्डडिस्कचा. एसएसडी टाकली आणि रखडणं थांबलं. प्रोसेसर बदलायचं कारण वेगळंच निघालं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. शिवाय माझ्या सिम्युलेशनला चार कोअर कमीच पडतात.

मग नवा पीसीच घ्यायचा का? नाही. आमच्या बोर्डाचं सॉकेट एएम४. त्यावर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो: सहा कोअर, बारा थ्रेड आणि जुन्याइतकाच ६५ वॅट. बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं तेच! इंटेलवाल्यांनी मात्र जपावं. सातव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१, तरी सातवीच्या बोर्डावर आठवीचा चालत नाही. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी आधी वाचायची.

आणखी एक. जुना प्रोसेसर असतानाच बायॉस अपडेट करावं लागतं. मध्येच लाईट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून वाचलेल्या पैशातून पहिली खरेदी केली ती यूपीएसच्या नव्या बॅटरीची!

सगळ्यात भारी प्रोसेसर निवडायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. आपण इंजिनीअर होणार आहोत ना? मग दुकानात जायच्या आधी घरचा पीसी उघडून बघा. बाबांचे पैसेही वाचतील.