खुनी आवाजावरून कळतो

लेखकानं तीनशे पानं जिवापाड लपवलेला खुनी वाचणाऱ्यानं तिसऱ्या मिनिटाला पकडून द्यायचा, हा उद्योग मराठी ऑडिओबुकांत सध्या जोरात आहे. ‘‘या साहेब, बसा,’’ एवढंच तर वाक्य असतं. पण मयताचा भागीदार ते घशातून असं काही खरवडून काढतो की महाडहून निघालेल्या माणसाचा पोलादपूर यायच्या आतच निकाल लागलेला असतो. पुढं कशेडी शिल्लक, खेड शिल्लक, चिपळूण शिल्लक आणि कादंबरीचेही सहा-सात तास शिल्लक. ऐकायचं काय?

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच पडतो, कारण त्याचा बराच वेळ गाडीत जातो. कुणी एमआयडीसीची शिफ्ट गाठतो, कुणी मुंबईहून दर सणाला गावी येतो, कुणी आंबेनळीतून वर महाबळेश्वरला माल नेतो. स्टोरीटेल नोव्हेंबर 2017 मध्ये भारतात आलं ते मराठी बरोबर घेऊनच. त्यामुळे एके काळी उशीखाली दडवावी लागणारी रहस्यकथा आता कानात घालून चारचौघांत बसता येतं. घाटात रेंजचा भरवसा नाही, म्हणून निघण्याआधी डाउनलोड करून घ्यायचं, एवढी अक्कल सगळ्यांना आलेली आहे. (दोन्ही कानांत इअरफोन खुपसून घाटात मोटारसायकल घालणाऱ्यांना मात्र मागच्या ट्रकचा हॉर्नही ऐकू येत नाही, तिथं आमचं काय ऐकू येणार?)

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारला आवाज नव्हता. म्हणजे जितके वाचक तितके आवाज होते. सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणीही ज्याच्या त्याच्या डोक्यात ज्याच्या त्याच्या आवाजात बोलायचा. आता तो आवाज स्टुडिओत ठरतो. नायकाच्या बाबतीत तक्रार नाही, त्याला हवा तेवढा भारदस्त करा. घोटाळा होतो तो संशयितांचा. आपल्या नमन-खेळ्यांत संकासुर येतो तो काळ्या कपड्यांत, डोक्यावर उंच टोपी चढवून. पोरं त्याला लांबूनच ओळखून पळत सुटतात आणि तीच सगळी मजा असते. खुनाच्या गोष्टीत संकासुराला बिनटोपीचा, चारचौघांसारखा बसवायचा असतो. आमचे वाचणारे पहिल्या प्रकरणातच त्याला टोपी घालून आणतात.

यात निव्वळ हौसेचा दोष आहे असंही नाही, अडचण खरी आहे. गोष्टीत रात्री अनोळखी फोन येतो. छापील पानावर तो आवाज कुणाचाच नसतो. वाचून दाखवताना मात्र तो कुणाचा तरी असावाच लागतो. खऱ्या माणसाचा दिला तर भांडं फुटलं. भलत्याच कुणाचा दिला तर शेवटी ऐकणारा भांडायला उठतो, की आवाज तर दुसऱ्याचाच होता! वेषांतराचं तेच. यावर उपाय एकच दिसतो: प्रत्येक पात्राला वेगळा घसा द्यायचाच नाही. आपल्याच आवाजात वाचायचं. फार तर बोलण्याचा वेग थोडा कमी-जास्त, श्वास थोडा लांब-आखूड. कोण बोलतंय हे वाक्यच सांगतं, लेखकानं ते त्यासाठीच लिहिलेलं असतं.

ही काही आजची अक्कल नव्हे. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांची सोय व्हावी म्हणून ब्रिटनमधल्या अंधांसाठीच्या संस्थेनं ‘बोलकी पुस्तकं’ काढायचं ठरवलं आणि 1935 मध्ये ती घरोघर धाडली. सावकाश फिरणाऱ्या तबकड्या, एका बाजूला साधारण 25 मिनिटं वाचन. पहिल्याच खेपेला निघालेल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 1926 ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ होती. गोष्ट सांगतो गावचा डॉक्टर. याहून जास्त इथं फोडत नाही, शंभर वर्षं झाली तरी कुणीतरी ती वाचायचा राहिलेला असतोच. एवढंच सांगतो की वाचणाऱ्याचा आवाज एका ठिकाणी जरी सूचक झाला तरी त्या कादंबरीत ऐकण्यासारखं काही उरत नाही. ज्यांना पान उलटून खात्री करता येणार नव्हती, त्यांच्या हाती सुरुवातीलाच ही गोष्ट दिली गेली. निवड करणाऱ्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

आमचं दुसरं गाऱ्हाणं जास्त घरचं आहे. खून कोकणातल्या बंगल्यात झाला की बंगल्याचा राखणदार हटकून ‘‘व्हय जी मालक’’ म्हणतो. घाट चढून वर गेलात तर वाईकडे कदाचित असं म्हणणारा कुणी भेटेल. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर दिवसभर बसलात तरी भेटायचा नाही. सावित्रीच्या खोऱ्यातल्या बोलीला बाणकोटी वळण आहे, तिचा हेल वेगळा, वाक्य सोडायची तऱ्हा वेगळी. स्टुडिओत मात्र गावचा माणूस म्हटला की एकच आवाज काढला जातो: थोडा तमाशातला, थोडा जुन्या सिनेमातला, आणि बोलणारा जरा मंद आहे असं सुचवणारा. रहस्यकथेत याचा तोटा दुहेरी होतो. असल्या आवाजाच्या माणसावर ऐकणारा कधी संशयच घेत नाही, आणि त्यानं काही महत्त्वाचं पाहिलं असेल तर तो धागाही विनोद समजून कानाआड होतो.

कोकणातल्या कादंबरीसाठी कोकणातला वाचणारा शोधणं फार अवघड नसावं. तेवढी सवड नसेल तर राखणदाराचं वाक्य लेखकानं लिहिलंय तसं सरळ वाचावं; हेल आम्ही इकडे आमचा लावून घेऊ.