हेरगिरीचें मोल

हेर म्हटला कीं आमच्या वयाच्या मुलांच्या डोळ्यांपुढें भरधांव मोटार, हातांतील पिस्तूल आणि अखेरीस हमखास मिळणारा विजय उभा राहतो. आम्हीही याच समजुतींत वाढलों. परंतु गेल्या सुटींत ‘द सँडबॅगर्स’ ही जुनी ब्रिटिश टेलिव्हिजन-मालिका आमच्या पाहण्यांत आली, आणि ती समजूत पार ढांसळली.

यॉर्कशायर टेलिव्हिजन या संस्थेनें काढिलेल्या या मालिकेचे २० भाग १९७८ ते १९८० या काळांत दाखविण्यांत आले. तिचे जनक इयन मॅकिन्टॉश हे पूर्वीं ब्रिटिश नौदलांत अधिकारी होते. १९७९ मध्यें अलास्काच्या आखातावर त्यांचें लहानसें विमान नाहींसें झालें. पुढील कांहीं भाग इतरांस लिहावे लागले.

मालिकेंत धांवपळ थोडी, बोलणें फार. लंडनमधील कचेरी, टेलिफोन, फायली आणि वरिष्ठांची परवानगी यांतच बहुतेक कथा घडते. मोहिमांचा प्रमुख नील बर्नसाइड हा खुर्चींत बसून माणसें मृत्यूच्या तोंडीं धाडतो. पहिल्या मालेच्या शेवटीं, त्याचें जिच्यावर प्रेम जडलें ती लॉरा शत्रूच्या हातीं सांपडते. अदलाबदलीनें ती सुटणार, इतक्यांत बर्लिनच्या सीमेवर तिला गोळी घातली जाते. आणि अमेरिकी हेरखात्याशीं असलेला संबंध राखण्यासाठीं ती व्यवस्था बर्नसाइडनेंच केलेली असते!

कांहीं वडीलधारे म्हणतील, कोवळ्या मुलांनीं असलें कपट कां पाहावें? आमचें नम्र मत असें कीं, मन बिघडतें तें चकचकीत हेरपटांनीं. कारण तेथें माणूस मरतो आणि कोणाचेंही कांहीं जात नाहीं. येथें प्रत्येक मृत्यूचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो.

शिवाय हा विषय आमच्या परिसरास परका नाहीं. शिवकाळीं येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर हें नांव पडलें, असें परंपरेनें सांगतात. बहिर्जी नाइकांचें नांव आपण अभिमानानें घेतों; पण त्यांच्या हाताखालीं राबलेल्या किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? उल्हासनगर वसलें तें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागेवर. अंबरनाथ येथें तर संरक्षणसामग्रीचे कारखाने आहेत. आमचे वडील तेथेंच नोकरीस. कामावरच्या कांहीं गोष्टी ते घरीं काढीत नाहींत. पूर्वीं आम्हांस याचा राग येई. आतां त्या मौनाविषयीं आदर वाटतो.

बर्लिनचा तो भाग आम्हीं त्यांच्यासमवेत पाहिला. तो संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग एवढेंच म्हणाले, “हिशेब चुकला नाहीं, माणूस चुकला.”

गुपित राखणें आणि सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आम्हांस त्या रात्रीं उमगलें. वर्गांत मित्राची चूक झांकतांना, किंवा सर्वांच्या भल्याचें नांव सांगून एकाचा बळी देतांना, हा भेद आपल्यालाही लागू पडतो. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थिमित्रांनीं ही मालिका एकदां अवश्य पाहावी. आणि शक्य तर आईवडिलांना शेजारीं बसवून पाहावी.