तिरळी नजर आणि वेळेचे मोल

मुलाचा डोळा नाकाकडे वळू लागला की आपल्याकडे दोन उद्गार हमखास ऐकू येतात : ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ आणि ‘तिरळे मूल भाग्याचे’. हे दोन्ही समज त्या मुलाची दृष्टी हिरावून घेणारे आहेत.

अनेक मुलांत या तिरळेपणाचे मूळ जवळचे पाहताना होणाऱ्या ताणात असते. ‘प्लस’ नंबर असलेले मूल स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यांवर जोर देते आणि त्यासरशी डोळे आत ओढले जातात. हा दोष बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात प्रकट होतो. थेंब घालून तपासणी करून योग्य चष्मा दिला की ताण ओसरतो व डोळे सरळ राहतात. चष्मा काढताच डोळा पुन्हा वळतो. म्हणून चष्मा व्यर्थ ठरत नाही, तो दिवसभर वापरला पाहिजे एवढेच सिद्ध होते. काही मुलांना शस्त्रक्रिया लागते, हे खरे; पण तो निर्णयही तपासणीनंतरचा. विलंब झाल्यास मेंदू वळलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा कायमचा मंद होण्याचा धोका असतो. शाळेत नाव घालेपर्यंत थांबणे म्हणजे मोलाची वर्षे गमावणे होय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अभिप्रेत आहे. योजना स्तुत्यच; परंतु अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि लहानगी लेकरेही त्यांच्याबरोबर जातात. पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मूल कारखान्याच्या तळावरील खोपीत असेल, तर त्या तपासणीचा त्याला उपयोग काय?

शिवाय वाढत्या वयात नंबर बदलतो, काच फुटते, काडी मोडते. मुकादमाची उचल फेडणाऱ्या कुटुंबाला पहिला चष्मा कसाबसा परवडला, तरी दुसरा परवडेलच असे नाही. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेने तो पहिलाही पेटीत जातो.

तेव्हा या तालुक्यांत तपासणीची एक फेरी गळीत हंगामापूर्वी पूर्ण करावी, दुसरी तळांवर घ्यावी आणि मोडलेला चष्मा विनामूल्य बदलून मिळावा. सार्वजनिक पैशाचा याहून किफायतशीर विनियोग क्वचितच आढळेल. एका चष्म्याचा खर्च वाचवून उभ्या आयुष्याची दृष्टी गमावणे, याला काटकसर म्हणत नाहीत.