शाफ्ट मोडला की दोष शेतकऱ्याचाच?



कपाशीचं पान लाल पडलं की आपण काय करतो? पान उलटं करून तुडतुडे बघतो, मॅग्नेशियम कमी पडलं का विचारतो, चार ग्रुपवर फोटो टाकतो, कृषी सहायकाला फोन लावतो. न बघता औषध देणारा दुकानदार आता आपण बरोबर ओळखतो. पण रोटाव्हेटरचा शाफ्ट मोडला की? डीलर तुकड्याकडं बघतसुद्धा नाही. "लोड जास्त झाला भाऊ, वॉरंटीत बसत नाही." आपण मान खाली घालतो, आणि तुकडा जातो वेल्डिंगवाल्याकडं नाहीतर भंगारात.

माझं भांडण या "लोड जास्त झाला"शी आहे. हे वाक्य खरं की खोटं, ते मोडलेल्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. वाचायची तसदी कुणी घेत नाही आणि डीलरला ते सोयीचंच आहे.

लोखंड ढोबळमानानं दोन तऱ्हांनी मोडतं. एक म्हणजे एकाच दणक्यात. दुसरी तऱ्हा थकव्याची, इंजिनिअर लोक तिला फटिग म्हणतात. पक्कड हाताशी नसली की बांधायची तार आपण पुढं-मागं वाकवून तोडतो ना, तोच प्रकार. फरक एवढाच की शाफ्ट डोळ्याला दिसणार नाही इतका कमी वाकतो, पण लाखो वेळा वाकतो. रोटर मिनिटाला साधारण 200 फेरे फिरतो असं धरा. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची एक बाजू एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. तासाला 12,000 वेळा, आठ तासांत 96,000 वेळा. अकरा दिवस रान केलं की दहा लाखांच्या वर. एवढ्या हेलकाव्यांत कुठं बारीक खाच असेल, काटकोनी कोपरा असेल, गंजाचा खड्डा असेल, तर तिथून भेग सुरू होते आणि रोज केसाएवढी सरकते. उरलेलं लोखंड पुरेनासं झालं की एका दिवशी नेहमीच्याच लोडला फाटकन मोडतं. त्या दिवशी ट्रॅक्टरवर जो बसलेला असतो, त्याच्या नावावर पावती फाडली जाते.

आता वाचायचं कसं ते सांगतो. थकव्यानं मोडलेल्या तोंडावर बहुतेक वेळा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा. त्या वळ्या जिकडं लहान लहान होत जातात तिकडं भेगेचा जन्म. दुसरा भाग खरखरीत, दाणेदार, चकाकणारा. तो शेवटच्या क्षणी तुटलेला. गुळगुळीत भाग काळपट, तेलकट किंवा तांबूस असेल तर समजा की भेग आधीपासून उघडी होती आणि तिच्यात तेल-पाणी शिरत होतं. आणि हे नीट लक्षात घ्या: खरखरीत भाग छोटा असेल, तर मोडताना लोड फार नव्हता. थोडंसं लोखंड शिल्लक असूनही ते शेवटपर्यंत तग धरून होतं. खरखरीत भागानं निम्म्याहून जास्त तोंड व्यापलं असेल, किंवा कडेनं सगळीकडून भेगा सुरू झाल्या असतील, तर लोड खरंच जास्त होता.

आमच्या शिवारातल्या एका भावाचा रोटाव्हेटर सोयाबीन काढल्यावर हरभऱ्याचं रान करताना मोडला. दुसराच हंगाम, वॉरंटी चालू. बेअरिंग बसते त्याच्या शेजारी, जिथं शाफ्टची जाडी बदलते तिथं. तुकडा मी स्वतः पाहिला. जाडी बदलते तिथं गोलाई द्यायला हवी, ती नव्हती. लेथवर सरळ काटकोन काढलेला, नख अडकेल असा. भेग त्याच कोपऱ्यातून निघालेली. जवळजवळ पाऊण तोंड गुळगुळीत आणि तपकिरी, चकाकणारा भाग पावाहून कमी. हे काय एका दिवसाच्या लोडचं काम आहे? डीलरचा मेकॅनिक आला, तुकडा हातात न घेताच "लोड" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. भावाचा वाफसा गेला, भाड्याचा रोटाव्हेटर मिळेपर्यंत आठ दिवस गेले, वर शाफ्टचे पैसे पदरचे. कंपनीला फोटो पाठवून महिना झाला. "बघतो" एवढंच उत्तर आहे.

काटकोनी कोपऱ्याची ही गोष्ट काही आजची नाही. 1842 च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आख मोडला, डबे पेटले, पन्नासहून जास्त माणसं मेली. तेव्हाही लोकांना वाटायचं की हादऱ्यांनी लोखंडाचा पोत बदलतो, त्याला दाणा पडतो. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअरनं मोडलेले आख तपासून दाखवलं, की भेग जाडी बदलते त्या कोपऱ्यातून हळूहळू आत जाते आणि तिथं गोलाई दिली पाहिजे. नंतर 1850-60 च्या दशकांत जर्मनीकडं ऑगस्ट व्होलर यानं रेल्वेच्या आखांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन हिशोबच मांडला, की किती ताणाला किती फेरे निघतात. एवढं सगळं छापून दीडशे वर्षं झाली. आणि आमच्याकडं अजून दाणेदार तुकडा दिसला की गॅरेजवाला म्हणतो, "बीड आहे हो, माल हलका." दाणा चांगल्या पोलादालाही दिसतो, शेवटी फटकन तुटलेल्या भागात. तेवढ्यावरून मालाला नाव ठेवणं आणि तेवढ्यावरून शेतकऱ्याला नाव ठेवणं, दोन्ही सारखंच.

डीलर लोकांचीही एक बाजू आहे, ती मान्य करतो. पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर उचलून वळवणारे, दगडाच्या रानात तिसऱ्या गिअरला पळवणारे आपल्यातच आहेत. पण मग तुकडा तसं सांगेल. तोडण्याआधी भाग वाकलेला किंवा पिळलेला असेल, सगळं तोंड एकसारखं ताजं असेल, जुना डाग कुठंच नसेल, तर तो दणका आहे आणि खर्च आपला. खडू पिळून तोडा, तो तिरका, मळसूत्रासारखा तुटतो. कडक पोलाद एकाच झटक्यात पिळलं की तसंच तुटतं. म्हणजे न वाकता तुटलं म्हणून लगेच कंपनीचा दोष, असंही नाही. वळ्या आणि जुना डाग शोधा. दोन्ही तोंडं एकमेकांवर घासली असतील तर वळ्या पुसल्या जातात, तेव्हा कोपऱ्यात, खाचेत भिंग लावून बघा.

आता थोडं आपल्या गावातल्या गॅरेजबद्दल. "माझा वेल्ड पक्का आहे, शेजारून मोडला" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. वेल्डर अभिमानानं सांगतो. अरे, शेजारून मोडला हीच तर तक्रार आहे! शाफ्टच्या पोलादात, ईएन-8 सारख्या, कार्बन जास्त असतो. थंड शाफ्टवर एकदम रॉड चालवला की वेल्डच्या शेजारची पट्टी झटक्यात गार होऊन काचेसारखी कडक होते. पावसाळ्यात सादळलेला रॉड असेल तर त्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि भेग आतून पडते, कधी दुसऱ्या दिवशी. वेल्ड मारायचाच असेल तर शाफ्ट आधी दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवा, रॉड कमी हायड्रोजनचा आणि भट्टीत सुकवलेला घ्या, नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळू गार होऊ द्या. फिरत्या शाफ्टला तेवढं करूनही माझा भरवसा नाही. नवीन घ्या.

आणि शिअर बोल्ट. तो मोडण्यासाठीच असतो, गिअरबॉक्स वाचावी म्हणून. दोनदा मोडला की आपण त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकतो. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. 4.6 पेक्षा 8.8 चा बोल्ट ताणात दुप्पट मजबूत. मग बोल्ट मोडत नाही, गिअरचे दात मोडतात. पुस्तकात जो आकडा दिलाय तोच घाला, आणि सारखा मोडत असेल तर का मोडतो ते शोधा.

कारण कधी कधी लोडशी अजिबात संबंध नसलेलं निघतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की आपोआप तडकायची. ना कुणी आपटली, ना लोड दिला. नक्की कारण 1921 मध्ये समजलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि घडवताना पितळात राहिलेला ताण. आता तुमच्या गोठ्यात बघा. पितळी कपलिंग, पंपाची लान्स, नोझल, सगळं तिथंच खिळ्याला टांगलेलं असतं. पेरणी यंत्राच्या पेटीत उरलेलं पोटॅश ओल धरतं आणि त्यातल्या क्लोराईडनं पत्र्याला, बोल्टला खड्डे पडतात. पुढं भेग तिथूनच निघते. हंगाम संपला की धुऊन, तेल लावून ठेवायला अर्धा तास लागतो.

आता पुराव्याचं. वॉरंटीत कंपनी मोडलेला भाग परत मागते. म्हणजे पुरावा थेट आरोपीच्या घरी! देण्याआधी दोन्ही तोंडांचे फोटो काढा, उन्हात तिरप्या उजेडात धरून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. भाग दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. कारण लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 38 प्रमाणे, वस्तूतला दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर जिल्हा आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, अहवालाला 45 दिवसांची मुदत असते. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते, ते धरून चाला. शेतकरी ग्राहकच नाही अशी सबब कुणी काढली तर बियाण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच ती फेटाळली आहे. पुण्याला सीओईपीत, नागपूरला व्हीएनआयटीत धातुशास्त्राचे विभाग आहेत.

केव्हीकेतल्या आणि कृषी विभागातल्या मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. अनुदानासाठी यंत्राची चाचणी होते, बुदनीसारख्या केंद्रांत होते, पण ती नमुन्याच्या यंत्राची. आमच्या रानात मोडलेल्या भागाची नोंद कुठंच होत नाही. एका तालुक्यात एकाच मॉडेलचे पाच शाफ्ट एकाच कोपऱ्यातून मोडले, तरी पाच शेतकरी वेगवेगळे "लोड जास्त" ऐकून घरी जातात. रोगाचा सर्व्हे करता तसं एका वहीत लिहायला सुरुवात करा: मॉडेल, किती तास चालला, कुठून मोडला, फोटो.

तोवर ती वही इथंच सुरू करू. या पोस्टखाली मोडलेल्या भागाचे फोटो टाका. तोंड तारेच्या ब्रशनं घासू नका, ग्राइंडर लावू नका, दोन तुकडे जुळवून बघायचा मोह आवरा. माती असेल तर डिझेलमध्ये मऊ ब्रशनं धुवा, वर तेलाचा हात फिरवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. गोठ्यात नको.