साबणाचा साका आणि पेशीची झिल्ली

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर धरतो, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या भगिनींना आम्ही काय सांगावे! शाळेच्या पुस्तकात या थराला साका म्हणतात. साबण म्हणजे मेदाम्लाचा क्षार. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला पकडते आणि तो विरघळलेला राहत नाही.

याच मेदाम्लाची दुसरी करामत फारशी कोणी सांगत नाही. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, लांब शेपूट पाण्यापासून पळते. पाणी फार अल्कधर्मी असले की रेणूंचे बारीक गोळे होतात. साबण तेलकट मळ काढतो तो या गोळ्यांतच. आम्ल वाढले की नुसते तेलाचे थेंब. मधे, सामू साधारण 7 ते 9 असताना, काही डोक्यांवर ऋण भार असतो, काहींवर नसतो, आणि ती जोडीने बसतात. शेपट्या आत, डोकी बाहेर असा दुहेरी पडदा होतो. त्याच्या कडेच्या शेपट्या पाण्यात उघड्या पडतात, म्हणून पडदा आपोआप मिटून पोकळ पिशवी बनतो. पेशीचे आवरणही असेच दुहेरी असते. उर्दू वर्गात आम्ही त्याला झिल्ली म्हणतो, मराठी वर्गात प्रद्रव्यपटल.

पृथ्वीवरची पहिली झिल्ली अशीच झाली असेल का, यावर पुण्याच्या आयसर संस्थेत सुधा राजमणी यांचा गट काम करतो. समुद्राच्या खारट पाण्यात या पिशव्या टिकणे कठीण; अडचण आपल्या बादलीतलीच. म्हणून त्यांनी लडाखच्या गरम झऱ्यांचे पाणी घेतले. मेदाम्लात त्याचेच ग्लिसरॉलशी जोडलेले रूप मिसळल्यावर तपासलेल्या प्रत्येक झऱ्याच्या पाण्यात पिशव्या झाल्या. पुन्हा पुन्हा सुकवून भिजवले तरी होत राहिल्या. हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

काही पालक आम्हाला दबक्या आवाजात विचारतात, ‘शास्त्रज्ञांनी जीव बनवला म्हणे, असले शिकून मुलींच्या ईमानाचे काय?’ जीव कोणी बनवलेला नाही. ही पिशवी अन्न पचवत नाही, आपल्यासारखी दुसरी घडवण्याची माहितीही तिच्यात नाही. ती फक्त भिंत आहे. पण भिंत कशी उभी राहते हे मुलीने विचारले तर तिला गप्प करणे आम्हाला पटत नाही. बारावी सायन्सनंतर आयसरची वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिला फॉर्म भरू द्या.