चार्जिंगची महागडी गाडी : भाव वाढतो म्हणून घ्यायची काय?

मावळातील भाजे गावी आमचे एक स्नेही फर्निचरचे काम करतात. मळवली स्टेशनपासून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे छोटे वर्कशॉप आहे. लोणावळा, कार्ला, पवना धरणाच्या काठचे बंगले ही त्यांची गिऱ्हाइकी. कपाटे, पलंग, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, पावसाने फुगलेली दारे, सर्व काही. गेल्या काही दिवसांपासून त्यांच्या घरात एकाच विषयावर वाद चालू आहे. चिरंजीवांचे म्हणणे, आता चाकणला बनणारी बॅटरीवरची मोठी कार घ्यावी. बंगलेवाले मुंबईहून अशाच गाड्यांतून येतात, आपण जुनाट गाडीतून माप घ्यायला गेलो तर कोटेशन निम्म्यावर पाडून मागतात. आणि शोरूमवाला सांगतो की पुढच्या महिन्यात भाव वाढणार. वडिलांनी वर्षाच्या लाकडा-प्लायवूडसाठी आणि एका नव्या कटिंग मशीनसाठी रक्कम बाजूला ठेवली आहे. ती या गाडीत घालावी की नाही, असे त्यांनी आम्हाला विचारले.

हा प्रश्न एका घरचा नाही. आमच्या समाजातील बेकरीवाले, गॅरेजवाले, वेल्डिंग-फॅब्रिकेशन करणारे, चिक्कीचा माल पोहोचवणारे, गादीवाले यांच्याकडेही हाच वाद आहे. कुठे कार असेल, कुठे स्कूटर. म्हणून याविषयी चार गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे आम्हास वाटले.

प्रथम भाववाढीचे पाहू. ‘भाव वाढणार, आजच बुक करा’ हे वाक्य आमच्या पिढीला नवे नाही. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. परदेशी चलन भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून आखातात असलेल्या भावाला पत्र जाई. मिळालेली स्कूटर दुसऱ्या दिवशी वरच्या पैशात विकणारेही होते. त्या वेळी घाई करणे शहाणपणाचे होते, कारण माल कमी आणि मागणी अफाट होती. आज तसे आहे काय?

त्याच चेतकचे बॅटरीवरचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये ती पुण्यात आली तेव्हा साधे मॉडेल १ लाख आणि वरचे १ लाख १५ हजार, असा भाव होता. पुढे तो चढत गेला आणि २०२२ मध्ये दीड लाखाच्या पुढे पोहोचला. ज्यांनी ‘आणखी वाढेल’ या धास्तीने तेव्हा घेतली त्यांनी नंतर काय पाहिले? जून २०२४ मध्ये त्याच कंपनीने ९६ हजाराच्या आतले मॉडेल काढले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात साडेतीन युनिटच्या बॅटरीची, जास्त अंतर जाणारी नवी गाडी सुमारे १ लाख २० हजारापासून आणली. मोटारींतही तेच घडले. रांजणगावला बनणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये १३ लाख ९९ हजारापासून निघाली. नंतर भाव वाढले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीच्या सेलचे दर उतरल्याचे सांगून कंपनीनेच १ लाख २० हजारापर्यंत कपात केली. आदल्या वर्षी घेणाऱ्यांच्या गाडीची जुन्या बाजारातील किंमत एका दिवसात तेवढी खाली आली. बॅटरीला लागणाऱ्या लिथियमचे दर २०२२ अखेर शिगेला जाऊन पुढच्या वर्षभरात कोसळले, त्याचा हा परिणाम.

म्हणजे या मालाचा भाव सोन्यासारखा नाही, की आज घेतले तर उद्या तेच पुन्हा जास्तीत विकता येईल. तो मोबाईलसारखा आहे. नवे आले की जुने पडते.

दुसरे कारण सरकारी. केंद्राची फेम-२ योजना होती तेव्हा जून २०२१ पासून दुचाकीच्या बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे १५ हजारांची सूट मिळे. १ जून २०२३ पासून ती १० हजारांवर आली, आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत असलेली मर्यादा १५ टक्क्यांवर. एप्रिल २०२४ मध्ये ५ हजार, एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजार आणि तेही एका गाडीस ५ हजारांहून अधिक नाही. तेव्हा गाडी ‘महाग झाली’ असे आपण म्हणतो त्यात पुष्कळ वेळा कारखान्याचा भाव तेवढाच असतो, फक्त सरकारने आपला हात काढून घेतलेला असतो. आलिशान गाड्यांचा किस्सा तर पाहण्यासारखा. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरील बॅटरी-गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला. साडेतीस लाखांच्या गाडीवर १ लाख ८३ हजारांचा बोजा! शोरूमवाल्यांनी ‘एक तारखेच्या आत घ्या’ म्हणून फोन सुरू केले, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा कर लावणार नसल्याचे सांगितले. ज्यांनी त्या पंधरवड्यात धावपळ करून पैसे उभे केले त्यांचे काय, हे कोणी विचारले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि लहान पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बॅटरी-गाड्यांवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे. म्हणजे चार्जिंगची गाडी महाग झाली नाही, तरी शेजारची पेट्रोलची स्वस्त झाली. तुलना करताना जुने भाव डोक्यात ठेवू नयेत.

आता हिशेबाकडे येऊ. वही-पेन घेऊन बसल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

स्कूटर घ्या. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला ४५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला २ रुपये ३० पैसे पडतात. बॅटरीच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण ४ युनिट वीज लागते. महावितरणच्या घरगुती मीटरवर शंभर युनिटच्या वर गेले की दर चढतो, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. किलोमीटरला ५० पैशांच्या आतच खर्च. बचत १ रुपया ८० पैसे. समजा दोन्ही गाड्यांच्या भावात ३५ हजारांचा फरक आहे. भाज्याहून रोज लोणावळा, कामशेत, परत कार्ला अशी ४० किलोमीटरची फिरती असणाऱ्या फॅब्रिकेटरचे वर्षाच्या तीनशे दिवसांत १२ हजार किलोमीटर होतात. बचत २१,६०० रुपये. वीस महिन्यांत फरक वसूल. पण ज्याचे दुकान मळवलीत आणि घर भाज्यात, रोजची फेरी दहा किलोमीटर, त्याची वर्षाची बचत ५,४०० रुपये. त्याला साडेसहा वर्षे थांबावे लागेल, आणि तोवर बॅटरीची हमी संपलेलीही असू शकेल. तीच गाडी, तोच भाव. एकाला फायद्याची, दुसऱ्याला नाही.

आणि यात ‘प्रीमियम’ मॉडेलचा प्रश्न वेगळाच. वरच्या मॉडेलात मोठा पडदा, मोबाईलशी जोडणी, जास्त अंतर. ज्याची फिरती चाळीसची, त्याने दीडशे किलोमीटरच्या बॅटरीला वीस-तीस हजार अधिक का द्यावेत? पाटीवरचा भाव आणि बिलावरचा भाव यांतही अंतर असते. सॉफ्टवेअरचे ‘पॅक’ निराळे, वाढीव हमी निराळी. मागे काही कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे लावून गाडीचा भाव सरकारी सुटीच्या मर्यादेत दाखवीत होत्या. २०२३ मध्ये त्यांना ते पैसे ग्राहकांना परत करण्याचे मान्य करावे लागले. तेव्हा रस्त्यावर येईपर्यंतचा पूर्ण भाव, विम्यासह, एका कागदावर लिहून घ्यावा. हमी संपल्यानंतर बॅटरी बदलण्यास किती पडेल, तेही त्याच कागदावर. जो विक्रेता हे लिहून देण्यास टाळतो त्याच्याकडून आम्ही तरी घेणार नाही.

आता आमच्या स्नेह्यांची कार. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ची किंमत नोव्हेंबर २०२४ मध्ये १८ लाख ९० हजारापासून जाहीर झाली, वरचे मॉडेल २६ लाख ९० हजारांचे. गाडी उत्तम आहे यात शंका नाही, आणि पुणे जिल्ह्यात असे काम होते याचा अभिमानही आहे. परंतु त्यांचे चालणे महिन्याला हजार किलोमीटर. पेट्रोल मोटारीच्या तुलनेत किलोमीटरला ५ रुपये वाचतात असे धरले तरी वर्षाला ६० हजार. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बॅटरीच्या मोटारींना टोलमाफी ठेवली आहे. पूर्ण मार्गाचा कारचा टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. लोणावळ्याहून चढणाऱ्यास त्याचा काही भागच लागतो. महिन्याला दोनदा मुंबई धरली तर आणखी दहा-पंधरा हजार वाचतील. (फास्टॅगमधून पैसे कापले गेले नाहीत ना, हे तपासत जावे.) एकूण ७५ हजार. चिरंजीवांच्या मनातली गाडी आणि कामापुरती पेट्रोलची गाडी यांत फरक ९ लाखांचा. म्हणजे बारा वर्षे!

याहून मोठी गोष्ट अशी की ते ९ लाख नुसते बसून राहत नाहीत. आमच्यातील पुष्कळ व्यापारी व्याजाचे कर्ज घेत नाहीत. बिनव्याजी बँकिंगचा विषय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बाजूला ठेवला. तेव्हा गाडी घ्यायची तर गल्ल्यातून. लोक म्हणतात, व्याज नाही, मग तोटा कसला? तोटा आहे. रोखीने प्लायवूड उचलणाऱ्यास समजा ३ टक्के सूट मिळते आणि रक्कम वर्षात पाच वेळा फिरते. ९ लाखांवर ती १ लाख ३५ हजार होते. गाडीने ७५ हजार वाचवायचे आणि तिच्यात अडकलेल्या पैशाने १ लाख ३५ हजार गमवायचे, हा व्यवहार कोणता? शिवाय माल उधारीवर उचलायची वेळ आली की व्यापारी भावात व्याज मिळवूनच देतो. आपण फक्त त्याला व्याज म्हणत नाही.

चिरंजीवांच्या मुद्द्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. बंगलेवाला गाडी पाहून माणूस जोखतो, हे खरे आहे. आम्ही स्वतः पाहिले आहे. पण तो दुसऱ्या कामाला बोलावतो तो ट्रॉली सुरळीत सरकते म्हणून. आणि दिखाव्यासाठी केलेला खर्च इस्राफमध्ये मोडतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. वापरातल्या गाडीवर जकात नाही म्हणून पैसा मालातून काढून गाडीत घालणारेही आम्हास माहीत आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे!

मात्र धंद्याच्याच गाडीचा विचार असेल तर आमचे मत बदलते. माल वाहण्याची बॅटरीवरची तीनचाकी घेतली आणि दुकान जीएसटीत नोंदलेले असेल, तर तिच्यावरील कराची वजावट मिळते. खासगी मोटारीवर ती मिळत नाही. पाचशे किलोच्या आसपासचा माल, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, हे चिक्की, पाव-खारी किंवा कपाटाच्या सुट्या भागांना पुरेसे आहे. पर्यटकांना मळवली स्टेशनहून लेणी, लोहगडवाडी, कार्ला अशी ने-आण करणाऱ्याची गाडी रोज शंभर किलोमीटर पळत असेल तर महाग गाडीही पैसे फेडते. पण टॅक्सी म्हणून नोंद केल्यास बॅटरीची हमी तीच राहते काय, हे आधी विचारावे.

आमच्या भागाच्या दोन अडचणी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पहिली चढाची. भाज्याहून गायमुख खिंडीकडे भरल्या मालाने चढताना बॅटरी सपाट रस्त्यापेक्षा भराभर उतरते. कागदावरचे अंतर निम्म्याच्या थोडे वर धरून चालावे. दुसरी पावसाची. जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. म्हणून त्या दिवसांत चाळीस टक्क्यांच्या खाली बॅटरी जाऊ देऊ नये. वर्कशॉपमध्ये चार्जिंगसाठी सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग आधी करून घ्यावे. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचे डबे जेथे असतात तेथे रात्रभर चार्जिंग लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. मीटर घरगुती आहे की व्यापारी, हेही पाहावे.

हा सारा हिशेब आम्ही त्या स्नेह्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच मापाच्या वहीत मांडला. चिरंजीव समोर होते. त्यांनी बारा वर्षांचा आकडा पाहून पेट्रोलचा दर पुढे वाढेल असे म्हटले. आम्ही १३० रुपये धरून पुन्हा मांडला. तरी नऊ वर्षांच्या खाली येईना. वडिलांनी मशीनची ऑर्डर दिली आणि साइटवर फिरण्यासाठी मधल्या भावाची बॅटरीवरची स्कूटर घ्यायचे ठरवले, कारण त्यांची रोजची फिरती पस्तीस-चाळीसची आहे. आकुर्डीत २०२२ पासून चालू असलेल्या कारखान्यातली की दुसऱ्या कंपनीची, हे वर्कशॉपला अर्थिंग झाल्यावर ठरेल. वायरमन रविवारी येणार होता; त्या दिवशी लेण्यांच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागल्यामुळे तो मळवलीहूनच परत गेला.